अडीच लाखांच्या वर फिरलेली पिकअप घ्यावी का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार आहे. नऊ एकर वावर आहे. कापूस, तूर, सोयाबीन घेतो. दरवर्षी माल यवतमाळला न्यायला भाड्याची गाडी करतो, एका फेरीला २,००० रुपये जातात. गावातल्या चौघा-पाच जणांचा मालही मिळेल, म्हणून स्वतःची पिकअप घ्यायचा विचार आहे. दिवाळी ते होळी आठवड्याला तीन-चार फेऱ्या नक्की होतील. दोन गाड्या पाहिल्या. पहिली २०१४ ची बोलेरो पिकअप, एमएच २९, मीटरवर २,६०,००० किमी, यवतमाळच्या किराणा व्यापाऱ्याची. तो म्हणतो, गाडी आठवड्यातून दोन-तीनदा नागपूरला माल आणायला जाते. मागतो ३,७५,०००. दुसरी त्याच कंपनीची २०१८ ची, एमएच ३६, मीटरवर फक्त १,१०,००० किमी, पण आधी रेतीवर होती. किंमत ५,१०,०००. माझ्याजवळ सव्वा लाख आहेत, बाकी फायनान्स १६ टक्क्यांनी मिळतो. लायसन्स एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या वाहनाचं आहे. गावात सगळे म्हणतात, अडीच लाख फिरलेली गाडी म्हणजे भंगार. काय करू?

उत्तर : भाऊ, गावातल्यांचं ऐकून पहिली गाडी सोडू नका आणि मीटर पाहून दुसरी घेऊ नका. दोन्हीत निवडायची वेळ आली तर आमचा कौल पहिलीला आहे. पण ३,७५,००० ला नाही, आणि होळी ते दिवाळीचं काम आधी ठरवल्याशिवाय तर मुळीच नाही.

आधी त्या २,६०,००० च्या आकड्याकडे पाहू. यवतमाळ ते नागपूर दीडशे किलोमीटर, जाऊन-येऊन ३००. आठवड्याला दोन फेऱ्या आणि वर्षाचे ५० आठवडे धरले तर वर्षाला ३०,००० किमी होतात. अकरा वर्षांत ३,३०,०००. तीन फेऱ्या धरल्या तर पाच लाखांच्या जवळ. म्हणजे व्यापारी फेऱ्या वाढवून सांगतो, किंवा मीटर मध्ये काही वर्षं बंद होतं, किंवा कोणी ते मागे घेतलं. तिन्हींत नवल काही नाही. भाड्याच्या गाड्यांत मीटरची केबल काढून ठेवलेली पुष्कळदा सापडते. तुम्ही साडेतीन ते चार लाख फिरलेली गाडी समजून सौदा करा. पेडलचं रबर, स्टीअरिंगची गुळगुळीत झालेली कडा, ड्रायव्हरच्या दाराचा लोंबलेला बिजागर या खुणा मीटरपेक्षा खरं बोलतात.

एवढी फिरलेली गाडी भंगारच असते असं मात्र नाही. डिझेल इंजिनाची जास्त झीज थंड असताना चालू करण्यात, वारंवार कमी गिअरमध्ये ओढण्यात आणि धूळ आत जाण्यात होते. हायवेवर गरम इंजिन एकसारखं चालतं, क्लच कमी दाबला जातो, ब्रेक कमी लागतात. रेतीच्या गाडीचं काम उलटं. नदीपात्रातून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओव्हरलोड बाहेर काढायचं, दहा-पंधरा किलोमीटरवर रिकामं करायचं, परत पात्रात. १,१०,००० किमी खरे असले तरी क्लच, गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलमधली दातेरी चाकं) आणि चेसिस यांनी दुप्पट-तिप्पट भोगलेलं असतं. ओली रेती हौदाच्या पत्र्याखाली आणि चेसिसच्या फटीत बसून लोखंड खाते, ब्रेकच्या ड्रममध्ये शिरून लायनर घासते, व्हील बेअरिंगच्या ग्रीसमध्ये मिसळते.

रेतीच्या गाडीत दुसरी भानगड कागदांची. अवैध गौण खनिज वाहतुकीत महसूल खातं गाडी जप्त करतं आणि पुढे दंड व बंधपत्र घेऊन सोडतं. दंडाचं प्रकरण चालू असताना गाडी विकली गेली तर निस्तरणं घेणाऱ्याच्या गळ्यात येतं. एमएच ३६ म्हणजे भंडारा; तिकडच्या तहसीलमध्ये जाऊन त्या नंबरवर प्रकरण आहे का हे विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका. इतकी धावपळ करूनही हाती काय, तर एक लाख पस्तीस हजारांनी महाग आणि आतून जास्त झिजलेली गाडी. सोडून द्या.

आता पहिली गाडी कशी पाहायची ते.

मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, की सकाळी सहाला येतो, इंजिन चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बोनेटवर आणि सायलेन्सरच्या पाइपवर हात ठेवा. गरम असेल तर थंड सुरुवातीचा दोष लपवलाय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन दोन-तीन झटक्यांत लागायला हवं. सुरुवातीला काही सेकंद पांढुरका धूर चालतो. पण निळसर धूर निघत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे बोट जातं. चढावर किंवा लोडवर काळा धूर म्हणजे नोझल, एअर फिल्टर किंवा टर्बो. तिन्ही धुरांत हा सगळ्यात स्वस्तात सुटणारा.

इंजिन पुरतं गरम झाल्यावर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली किती निसटतो ते पाहा, हीच परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा आणि ते उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. थोडी वाफ, थोडं थरथरणं साहजिक आहे. झाकण उडून पडत असेल, भकाभक धूर आणि ऑइलचे शिंतोडे येत असतील, डिपस्टिकच्या नळीतूनही धूर निघत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजलेत. म्हणजे इंजिन बांधायचं, आणि तो खर्च लाखाच्या आसपास. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. उलट गाडी दाखवायच्या वेळी नवंकोरं, मधासारखं घट्ट ऑइल भरलेलं असेल तर सावध व्हा. जाड ऑइल टाकून धूर आणि खडखड आठवडाभर दाबता येते. शंका उरलीच तर फिटरकडून कॉम्प्रेशन गेज लावून घ्या. चार सिलिंडरच्या आकड्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तर सौद्याचा आकडा बदलतो.

इंजिन आधी बांधलेलं आहे, असं व्यापारी सांगेल तर ती वाईट गोष्ट नाही. फक्त बिल मागा. लायनर-पिस्टन, रिंगा, मेन आणि बिग-एंड बेअरिंग, हेडचं प्लेनिंग, ऑइल पंप एवढं बिलात दिसलं तर काम पुरतं झालंय. नुसत्या रिंगा आणि गॅस्केट सेट दिसला तर ते विकण्यापुरतं केलेलं काम आहे.

रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. आत हिरवं किंवा लाल कुलंट दिसायला हवं. गंजकट पाणी, तेलाचा तवंग, कडांना पांढरा थर दिसला तर थांबा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातून फिरणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं: वाटेत पाणी कमी झालं की हातपंपाचं खारं पाणी ओततात, क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की भरल्या गाडीचा काटा लाल पट्ट्यात जातो. असं एक-दोनदा झालं की हेड वाकतं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि गरम व्हायच्या आत रेस द्या. पाण्यातून एकसारखे बुडबुडे येत राहिले तर कॉम्प्रेशन पाण्यात शिरतंय. तिथून परत या.

२०१४ ची आपल्या भागातली गाडी बहुतेक बीएस-३ (धुराच्या प्रदूषणाचं सरकारी मानक) असते; बीएस-४ देशभर सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१७ पासून. डिझेलचा पंप साधा मेकॅनिकल आहे की कॉमन रेल (जास्त दाबाने, इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरने डिझेल सोडणारा), हे फिटरला बोनेट उघडून आधी विचारा. साधा पंप असेल तर तुमच्यासाठी तो गुणच आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचा पंप-नोझलवाला तो खोलून कॅलिब्रेट करून देतो. कॉमन रेलला डिझेलमधलं पाणी आणि कचरा अजिबात सोसत नाही, आणि इंजेक्टर गेले तर एकेकाचा खर्च हजारांत जातो. ड्रममधलं डिझेल टाकायची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग गाडीखाली जा, टॉर्च घेऊन. खाली अंथरायला बारदाना न्या, कारण इथे दहा मिनिटं नव्हे, अर्धा तास घालवायचा आहे. इंजिन बांधता येतं, पण मोडलेली चेसिस सरळ होऊन पुन्हा पहिल्यासारखी कधीच होत नाही. केबिनच्या मागची जागा, मागच्या एक्सलच्या वरचा भाग आणि पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) ब्रॅकेट जिथे चेसिसला बसतात ती ठिकाणं नीट पाहा. वेल्डिंगची पट्टी, केसासारखी चीर, सैल रिव्हेट, किंवा एवढ्याच भागावर ताजा काळा रंग दिसला तर लोडने चेसिस फाटलेली आहे. मग टेप लावा. स्टीअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. एक-दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर गाडी ठोकलेली आहे, किंवा पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलाय. बोल्टचं काम शंभर-दोनशेचं आहे, ठोकलेल्या चेसिसचं नाही. मागच्या पाट्यांत कंपनीपेक्षा जादा पाटा टाकलेला असेल तर ही गाडी दोन टन ओढत होती, हे मालकाला विचारायचीही गरज नाही. तिथेच चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. नंबरभोवती ग्राइंडर फिरल्यासारखं दिसलं तर पुढे काही पाहू नका.

यानंतर गाडी लोड करून चालवायची. डिझेल तुमचं, दहा क्विंटल माल किंवा सिमेंटच्या वीस गोण्या तुमच्या, आणि रस्ता वीस-पंचवीस किलोमीटर, ज्यात एखादा चढ आणि थोडी पांदण असावी. रिकामी गाडी तर कोणतीही बरी चालते. टॉप गिअरमध्ये ४० च्या वेगाला एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर क्लच प्लेट गेली. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन पाय झटकन काढा. गिअर आपोआप निसटला तर गिअरबॉक्स खोलावा लागेल. मागून घूंघूं आवाज ॲक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरा येत असेल तर क्राऊन-पिनियन. वळणावर आवाज बदलत असेल तर व्हील बेअरिंग. गिअर टाकताना खालून टक्क वाजलं तर शाफ्टचा क्रॉस. क्रॉस आणि बेअरिंग ही किरकोळ कामं, त्यावर भाव पाडा आणि पुढे चला. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली गेली तर व्हील सिलिंडर किंवा लायनर. तेही दुरुस्त होतं. स्टीअरिंगला दोन बोटांपेक्षा जास्त ढिलाई असेल तर पुढचा भाग जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवून पाहा. परत आल्यावर तापमानाचा काटा कुठे आहे ते बघा आणि ऑइलच्या झाकणाची परीक्षा पुन्हा एकदा करा, कारण बॅक कॉम्प्रेशन लोडनंतर जास्त उघडं पडतं.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. विकायच्या आधी रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर) बसवतात, तेव्हा नक्षी पाहून भुलू नका. लाइट, हॉर्न, वायपर याला फार वेळ देऊ नका. फिटनेसला लागतातच, पण हजार-दोन हजारांत होतात.

कागदांचं. २०१४ ची गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली म्हणून फिटनेस दरवर्षी करावा लागतो. सर्टिफिकेट कधी संपतं ते पाहा आणि संपलेलं असेल तर ते मालकाने करून द्यावं, असा आग्रह धरा. फिटनेसला नापास होणारी गाडी त्याला माहीत असते, तुम्हाला नसते. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून टॅक्स, विमा, पीयूसी, फायनान्सची नोंद आणि ब्लॅकलिस्ट पाहा. थकलेले ई-चलन वेगळे तपासा. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी आहे, तेव्हा एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलेली हवी. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्यावरच पूर्ण रक्कम द्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कोरे सही केलेले फॉर्म ठेवून वर्षभर तशीच गाडी चालवायची पद्धत गावात आहे, तुम्ही तसं करू नका: विमा १४ दिवसांत तुमच्या नावे लावून घेतला नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

आरसीवर एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहू परमिट लागत नाही. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की कायद्याने किती माल भरता येतो ते निघतं. तुमच्या कापसाचं गणित त्याच आकड्यावर करा, शेजाऱ्याची गाडी किती ओढते त्यावर नको. लायसन्सची चिंता सोडा. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय, की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. १५ वर्षं झाली की गाडी भंगारात जाते, ही भीतीही तुमच्यासाठी नाही. तो नियम सरकारी गाड्यांना आहे. खाजगी गाडी फिटनेस पास होत राहील तोवर चालते, फक्त गाडी जुनी होत जाईल तशी फिटनेसची फी बरीच वाढते. 

आता पैशाचं, आणि इथेच तुमचं पत्र आम्हाला अर्धवट वाटलं.

फायनान्सवाल्याला पहिला प्रश्न असा विचारा, की १६ टक्के फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर) आहे की घटत्या रकमेवर. अडीच लाख तीन वर्षांसाठी घटत्या दराने घेतले तर हप्ता सुमारे ८,८०० येतो. फ्लॅट असेल तर १०,३०० च्या जवळ, आणि तीन वर्षांत पन्नास-पंचावन्न हजार जास्त जातात. दर मात्र दोघेही १६ च सांगतात.

घटता दर धरून वर्षाचा खर्च मांडा. हप्ते १,०५,६००. थर्ड पार्टी विमा साधारण १७,०००. फिटनेस, टॅक्स, पर्यावरण कर, पीयूसी मिळून दहाएक हजार. दुरुस्तीला महिना ३,००० बाजूला, म्हणजे ३६,०००. एवढ्या फिरलेल्या गाडीला याहून कमी धरू नका. बेरीज १,६८,००० च्या वर. दारव्हा-यवतमाळ जाऊन-येऊन ८५ किमी, ११ चा ॲव्हरेज आणि डिझेल ९२ रुपये धरलं तर ७१० रुपयांचं डिझेल. टायर-ऑइलची झीज किलोमीटरला दोन रुपये धरली तर १७०. २,००० पैकी हातात उरतात १,१२०. म्हणजे गाडीने स्वतःचा खर्च भागवायला वर्षाला १५० फेऱ्या हव्यात. तुमच्या दिवाळी ते होळीत साधारण सत्तर होतात. उरलेल्या ऐंशी फेऱ्या होळी ते दिवाळीत, म्हणजे आठवड्याला अडीच, कुठून आणणार?

उन्हाळ्यात कुटार (गुरांचा भुसा), विटा, सिमेंट, मंडपाचं सामान. मे-जूनमध्ये कृषी केंद्रांचं खत-बियाणं. पावसाळाभर किराणा दुकानांचा माल. कामं आहेत, पण ती आधीच कोणाकडे तरी बांधलेली असतात. गाडी घ्यायच्या आधी दारव्ह्यातल्या एक-दोन दुकानदारांकडून ठरलेल्या फेऱ्यांचा शब्द मिळवा. लग्नाचं वऱ्हाड डाल्यात बसवून कमाई करण्याचा विचार मनात आणू नका: मालवाहू गाडीत बसवलेल्या माणसांना विमा लागू होत नाही, आणि अपघात झाला तर भरपाई वावर विकून द्यावी लागते.

हे काम जमत नसेल तर यंदा भाड्यानेच माल न्या, सव्वा लाख शाबूत ठेवा आणि होळीनंतर पुन्हा बाजार पाहा. माल निघायच्या तोंडावर गाडीवाले भाव सोडत नाहीत.

काम जमलं, चेसिस साफ निघाली आणि झाकण उडालं नाही, तर बोलणं ३,१०,००० पासून सुरू करा. ३,३०,००० च्या वर जाऊ नका. घेतल्यावर लगेच इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल, सगळे फिल्टर, कुलंट, होज पाइप, फॅन बेल्ट, ब्रेक लायनर आणि बेअरिंगचं ग्रीस यांवर पंचवीस-तीस हजार जातील. टायर बदलावे लागले तर आणखी चाळीस. किंमत खाली आली की वाचलेल्या रकमेतून हे भागवा, त्यासाठी फायनान्स वाढवून घेऊ नका. इसार ५,००० पेक्षा जास्त देऊ नका आणि चिठ्ठीवर लिहून घ्या, की फिटनेस, थकीत चलन आणि बँकेची एनओसी मालकाकडे. यातलं एकही ठरलेल्या तारखेपर्यंत झालं नाही तर इसार परत. लिहून द्यायला तो कचरला तर का, हे आरटीओच्या दारात गेल्यावर कळेलच, पण तोवर तुमचे ५,००० त्याच्याकडे नसावेत.